सोपं सॉफ्टवेअर आणि सोयीचं सॉफ्टवेअर

सांगलीच्या मार्केट यार्डात कुठल्याही अडत दुकानात सॉफ्टवेअर दाखवायला जा, मागणी एकच असते: "काय ते सोपं करून द्या." बरीच वर्षं मी हे वाक्य जसंच्या तसं ऐकत आलो. लोक म्हणतात सोपं आणि त्यांना हवं असतं सोयीचं, हे कळेपर्यंत मी एका हळदीच्या दुकानाचा अर्धा हंगाम वाया घालवला होता.

सोपं म्हणजे कुणी न शिकवता पहिल्याच दिवशी जमणारं. सोयीचं म्हणजे रोज तेच काम करणाऱ्याच्या हाताला आणि डोक्याला आडवं न येणारं. एटीएम सोपंच असायला हवं. तिथं आपण कधीतरी जातो, तेही मागे रांग असताना. शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब मांडायच्या हिशेबपट्टीची स्क्रीन मात्र दुकानाचं लिखाण सांभाळणारे दिवाणजी ऐन हंगामात दिवसाला दीडशे वेळा उघडतात.

माझं सॉफ्टवेअर दिसायला झकास होतं. मोठी बटणं, एका वेळी एकच प्रश्न. शेतकऱ्याचं नाव, 'पुढे'. पोती, 'पुढे'. वजन, 'पुढे'. मालकांचा कॉलेजातला मुलगा पाच मिनिटांत शिकला, मालक खूश. दिवाणजींनी चार दिवस माऊस धरला आणि पाचव्या दिवशी गुपचूप वही काढली. वय झालंय, नवं काही नको वाटतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

हिशेब नंतर मांडला. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूवेल यांनी १९८० मध्ये, सराईत माणसाला संगणकावर एखादं काम करायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायची पद्धत मांडली. त्यांच्या आकड्यांनी एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद लागतात, हात कीबोर्डवरून माऊसकडे न्यायला ०.४ आणि बाण नेमक्या जागी न्यायला १.१. म्हणजे एक 'पुढे' दाबून हात परत कीबोर्डवर येईपर्यंत दोन सेकंद गेले. दहा रकान्यांच्या पट्टीला वीस सेकंद. तेच एंटर मारत गेलं तर दोन. दीडशे पट्ट्यांचा फरक पाऊण तासाचा होतो, आणि तोही शेतकरी पैशांसाठी समोर ताटकळत असताना. टॅलीवाला अकाउंटंट माऊसला हात का लावत नाही, ते इथं कळतं. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स. नवख्याला त्या कळा लक्षात ठेवणं जिवावर येतं, सरावलेल्याच्या बोटांना त्या पाठ असतात.

पण नुसत्या कळा कमी केल्या म्हणजे सोय झाली, असंही नाही. न्यूयॉर्क भागातल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीनं ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं आजमावून पाहिली, त्याचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या यंत्राची स्क्रीन लवकर उमटायची, तरी प्रत्येक कॉलला वेळ थोडा जास्तच लागत होता. जुन्या यंत्रावरच्या काही कळा ऑपरेटर ग्राहकाचं बोलणं ऐकता ऐकताच उरकायचे, त्या वाचवून काहीच हाती लागलं नाही. उलट नव्या मांडणीत काही काम बोलणं संपल्यानंतरच्या क्षणांत जाऊन पडलं, आणि तेवढा वेळ वाढला.

हे वाचलं आणि मला आमचा सौदा आठवला. लिलाव पुकारला जायच्या आधीच दिवाणजींनी शेतकऱ्याचं नाव आणि पोती मांडून ठेवलेली असतात. भाव फुटला की फक्त दोन गोष्टी लिहायच्या, भाव आणि खरेदीदार. माझं सॉफ्टवेअर भाव टाकल्याशिवाय पट्टी सेव्हच करू देत नव्हतं. अर्धवट नोंद म्हणजे चूक, असं मी धरून चाललो होतो. सौद्यात अर्धवट नोंद हीच तर तयारी.

दुसरी गोष्ट नजरेची. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर एक प्रयोग केला. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला की तरबेज खेळाडू तो नवख्यापेक्षा कितीतरी बरोबर मांडून दाखवायचा. सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या की त्याची ती सरशी जवळजवळ संपायची. म्हणजे करामत नुसत्या स्मरणशक्तीची नव्हती, ओळखीच्या मांडणीची होती. दिवाणजींची वही मी शेजारी बसून पाहिली तेव्हा तेच दिसलं. पान उलटलं, नजर खाली उतरली आणि बोट मध्येच एका ओळीवर थांबलं. "हे बारीक हळकुंड होतं. याला जाडाचा भाव कसा लागला?" पंचवीस ओळी एकाखाली एक होत्या म्हणून ते खटकलं. माझ्या स्क्रीनवर एका वेळी एकच पट्टी दिसायची, तिथं खटकायला शेजारी दुसरं काही नव्हतंच.

मालकांना दुकानात न येता मोबाईलवर दिवसाची उलाढाल बघायची असते. तो भाग मी अजून अगदी सोपा ठेवलाय, दोन आकडे आणि एक बटण. तिथं तेच बरं.

दिवाणजींची स्क्रीन मात्र आता बाहेरच्या माणसाला गचाळ वाटेल. दाटीवाटीच्या ओळी, एंटरवर चालणारे रकाने, अर्धी पट्टी तशीच ठेवायची मुभा. शेवटी शेऱ्याचा एक मोकळा रकाना आहे, तो त्यांनी भांडून मागून घेतला. वहीत समासात ते पेन्सिलीनं खुणा करायचे, त्या आता तिथं उतरतात: 'ओल', 'फोन', कधी नुसतं 'बघ', कधी दोनच टिंबं. टिंबांचा अर्थ मी एकदा विचारला. म्हणजे त्याची यादी करून द्यायची का, असा माझा विचार होता.

"त्यात तुमचं काय अडलंय ओ?" म्हणाले आणि पुढच्या पट्टीकडे वळले.