मेमरी संपल्यानंतर कॉम्प्युटर पूर्ववत होणं

एखादा प्रोग्राम सगळी रॅम खाऊन बसतो, मशीन हँग होतं, आणि तो बंद केला तरी पुढे बराच वेळ सगळं रडतखडत चालतं. तिथून परत नेहमीच्या स्पीडला येण्याची ही प्रक्रिया.

याची मुळं व्हर्च्युअल मेमरीत, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कची जागा तिच्या जोडीला वापरण्याच्या युक्तीत. ती पहिली कोणाची यावर मतभेद आहेत. सहसा मान मँचेस्टरच्या ॲटलास मशीनला (१९६२) देतात, पण बर्लिनमध्ये फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच यांनी साधारण १९५६-५७ च्या सुमारास प्रबंधात बरीचशी तीच कल्पना मांडली होती, म्हणून काहीजण त्यांना आद्य मानतात. प्रत्यक्ष चाललेलं मशीन धरायचं तर ॲटलासचंच पारडं जड वाटतं. रॅम आणि डिस्कमध्ये पानांची (मेमरीच्या ठराविक आकाराच्या तुकड्यांची) नुसती ने-आण होत राहते आणि काम काहीच होत नाही, या थ्रॅशिंगची नीट मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केली. प्रोग्रामला त्या घडीला खरोखर लागणारी पानं म्हणजे वर्किंग सेट, हा विचारही त्यांचाच.

आता प्रोग्राम मारला तरी मशीन मंद का? कारण रॅम मोकळी झाली म्हणून स्वॅपमध्ये (डिस्कवर यासाठी राखलेल्या जागेत) गेलेली पानं सगळी आपोआप परत येत नाहीत, ज्याला हात लावाल तेवढंच येतं, बहुतेक वेळा ४ केबीचं एकेक पान किंवा आजूबाजूची थोडी, आणि फाइल कॅशही (आधी वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) रिकामी झालेली असते, त्यामुळे ब्राउझरचा जुना टॅब उघडला की डिस्कचा दिवा लुकलुकत बसतो. हार्ड डिस्कवर हे फार जाणवतं, एसएसडीवर कमी.

लिनक्सवर स्वॅपऑफ कमांडने स्वॅप बंद करून स्वॅपऑनने परत चालू केलं की पानं एकदम रॅममध्ये ओढली जातात. आधी फ्री मेमरी बघा, जागा कमी असेल तर ओओएम किलर (मेमरी संपली की एखादा प्रोग्राम बंद पाडणारा लिनक्सचा भाग) दुसराच प्रोग्राम उडवू शकतो. मशीन पार अडकलं असेल तर ऑल्ट-सिसरिक्यू-एफ दाबून त्या किलरला हाताने बोलावता येतं, पण बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या अवतारांमध्ये) ही सोय आधीच बंद ठेवलेली असते (नेमकी लागते तेव्हाच हे कळतं). अर्लीओओएमसारखे प्रोग्राम पाणी नाकाशी यायच्या आत कारवाई करतात.

विंडोजवर टास्क मॅनेजरमधून एन्ड टास्क, नाहीच जमलं तर रीस्टार्ट. मॅकमध्ये २०१३ पासून आणि विंडोज १० मध्येही पानं डिस्कवर टाकण्याआधी रॅममध्येच कॉम्प्रेस करून बघतात.