द अंडरग्राउंड रेझिस्टन्स

डार्कथ्रोन या नॉर्वेजियन बँडचा अल्बम. तो पीसव्हिल या ब्रिटिश कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रकाशित केला. ऑस्लोजवळच्या कोल्बॉट्न येथील हा बँड १९८६ मध्ये 'ब्लॅक डेथ' या नावाने सुरू झाला. फेनरिझ (गिल्वे नागेल) व नॉक्टर्नो कुल्टो (टेड शेल्लुम) असे दोघेच त्यात १९९० च्या दशकापासून आहेत. १९९२ ते १९९४ मधील त्यांच्या तीन अल्बमांनी नॉर्वेच्या ब्लॅक मेटलला (जड गिटारींच्या मेटल संगीताच्या खरखरीत, काळोख्या शाखेला) घाट दिला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच बँडने येथे १९८० च्या दशकातील पारंपरिक हेवी मेटल (त्याच संगीताचे जुने, अधिक सुरेल रूप) उघडपणे स्वीकारले आहे.

प्रस्तुत अल्बमचा क्रमांक काही ठिकाणी पंधरावा, तर काही ठिकाणी सोळावा दिलेला आढळतो. या फरकाचे मूळ बँडच्या 'गोटलॉर्ड' या ध्वनिमुद्रणात आहे. त्याचे वाद्यसंगीत सुमारे १९९०–९१ मध्ये सरावाच्या वेळी ध्वनिमुद्रित झाले, गायन १९९४ मध्ये त्यावर चढवले गेले आणि प्रकाशन १९९६ मध्ये झाले. त्यामुळे काही सूचिकार त्याला स्वतंत्र अल्बम न मानता जुन्या सामग्रीचे संकलन समजतात. मात्र ते पूर्ण लांबीचे असून अन्यत्र कोठे त्या रूपात आलेले नसल्याने, त्यासह मोजून येणारा सोळावा हा क्रमांक अधिक ग्राह्य वाटतो.

ब्लॅक मेटलपासून हे वळण नेमके केव्हा सुरू झाले, याविषयीही एकमत नाही. २००६ च्या 'द कल्ट इज अलाइव्ह'पासून ते मोजण्याचा प्रघात आहे. पण त्या अल्बमवरील ठसा मुख्यत्वे क्रस्ट पंकचा (मेटलमिश्रित, खडबडीत पंक रॉकचा) आहे. 'एफ.ओ.ए.डी.' (२००७) मधील 'कॅनेडियन मेटल' आणि 'सर्कल द वॅगन्स' (२०१०) मधील 'आय अ‍ॅम द ग्रेव्हज ऑफ द एटीज' या गीतांची शीर्षकेच जुन्या मेटलकडील ओढ सांगतात. पंकचा भाग मागे पडून हेवी मेटल पूर्णपणे पुढे आले ते मात्र २०१३ मध्ये, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

अल्बममध्ये सहा गीते असून दोघांपैकी प्रत्येकाने तीन रचली व स्वतःच गायिली आहेत. नॉक्टर्नो कुल्टोच्या 'डेड अर्ली', 'लेसर मेन' आदी गीतांत पूर्वीचा खरखरीत आवाज टिकून आहे. त्यामुळे संपूर्ण अल्बमला एकच शैलीनाम लावणे तितकेसे बरोबर नाही. परंपरेची खूण फेनरिझच्या 'व्हल्किरी' व 'द वन्स यू लेफ्ट बिहाइंड' या गीतांत स्पष्ट दिसते, कारण त्यांत शब्द कळतील असे मोकळे, सुरेल गायन आहे. शेवटचे 'लीव्ह नो क्रॉस अनटर्न्ड' सुमारे चौदा मिनिटांचे, म्हणजे एकूण कालावधीच्या जवळजवळ एक-तृतीयांश आहे. त्यातील तारसप्तकातील किंकाळीवजा गायन जुन्या स्पीड मेटलची (हेवी मेटलच्या वेगवान प्रकाराची) आठवण करून देते.

मुखपृष्ठ जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराचे आहे. थिन लिझी या आयरिश रॉक बँडची मुखपृष्ठे त्याने केली होती, हे ध्यानात घेता ही निवडही त्याच परंपरेशी जुळणारी दिसते. पुढच्या 'आर्क्टिक थंडर' (२०१६) मध्ये सर्व गायन नॉक्टर्नो कुल्टोचे असून फेनरिझचा मोकळा गळा त्यात ऐकू येत नाही.