ऊर्जा नियोजनाचा ऑनलाइन नकाशा: पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी

सौर पॅनेल बसवावीत का, पवनचक्कीला पुरेल इतका वारा आहे का, असे प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही आधी नकाशा उघडायला सांगतो. जागतिक बँक समूहाने २०१७ मध्ये खुला केलेला ‘ग्लोबल सोलर ॲटलास’ आणि डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठाने तयार केलेला ‘ग्लोबल विंड ॲटलास’ हे दोन्ही नकाशे विनामूल्य आहेत आणि ब्राउझरमध्येच चालतात. आमचे शुल्क भरण्याआधी तुमच्या जागेचा प्राथमिक अंदाज तुम्हाला स्वतः घेता यावा, यासाठी हे पत्रक.

नकाशाकडून अपेक्षा मात्र योग्य ठेवा. दहा जागांमधल्या सात तो गाळून देईल. उरलेल्या तीनांतली कोणती घ्यायची, ते प्रत्यक्ष पाहणीनंतरच ठरते.

जागा नेमकी धरा

शोधपेटीत गावाचे नाव टाकले की नकाशा गावाच्या मध्यावर जाऊन थांबतो, तुमच्या जागेवर नाही. म्हणून उपग्रह छायाचित्राचा थर लावा, झूम करत आपले छप्पर किंवा शेत ओळखा आणि तिथेच क्लिक करा. अक्षांश-रेखांश हाताशी असतील तर दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत लिहा. दोनच अंक लिहिले तर जागा एखाद्या किलोमीटरच्या फरकाने कळते, चार अंक लिहिले की दहा-अकरा मीटरपर्यंत. शोधपेटीत आधी अक्षांश लिहायचा, मग रेखांश. काही संगणकीय फाइलींमध्ये हा क्रम उलटा असतो, त्यामुळे फाइल चढवल्यावर तुमचा बिंदू भर समुद्रात दिसला तर पहिला संशय क्रमावर घ्या.

सौर नकाशातला कोणता आकडा पाहायचा

क्लिक केल्यावर बाजूच्या चौकटीत आकड्यांची रांग येते. छपरावरच्या किंवा जमिनीवरच्या साध्या पॅनेलसाठी त्यातला ‘पीव्हीआउट’ हा आकडा महत्त्वाचा. एक किलोवॉट क्षमतेच्या पॅनेलमधून किती किलोवॉट-तास, म्हणजे किती युनिट वीज मिळेल, हे तो सांगतो. समजा तो वर्षाला १,५०० आहे, तर पाच किलोवॉटच्या संचातून वर्षाला साधारण ७,५०० युनिट मिळतील. त्याच जागी ४.१ असा आकडा दिसला तर घाबरू नका, तो रोजचा हिशेब आहे. एकक दिवसाचे की वर्षाचे, हे बदलण्याची सोय तिथेच असते.

‘डीएनआय’ म्हणजे सूर्याकडून थेट येणारे किरण. आरशांनी ऊन एकवटणाऱ्या प्रकल्पांसाठी तो निर्णायक असतो, साध्या पॅनेलसाठी एकट्याने फारसा उपयोगाचा नाही. आणि जिथे ऊन सर्वांत कडक तिथेच वीज सर्वाधिक, असेही नाही. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंश सेल्सिअसच्या वर तापले की प्रत्येक अंशामागे त्याची निर्मिती साधारण ०.३ ते ०.५ टक्क्याने घटते. दक्षिण अमेरिकेतल्या अटाकामा वाळवंटासारख्या उंचावरच्या, कोरड्या आणि थंड प्रदेशांत पीव्हीआउट जगात सर्वाधिक आढळतो, त्यामागे स्वच्छ आकाशाबरोबर हेही कारण आहे.

यानंतर संचाचा प्रकार निवडा: घरगुती छप्पर, व्यावसायिक इमारत, जमिनीवरचा मोठा प्रकल्प की पाण्यावर तरंगणारा. पॅनेलचा कल आणि दिशा नकाशा सुचवतो. उत्तर गोलार्धात दिशा दक्षिणेची असते, दक्षिण गोलार्धात उत्तरेची. तुमच्या छपराचा उतार वेगळा असेल तर तोच भरा, नाहीतर हिशेब न बांधलेल्या छपराचा होतो.

आता थोडा वेळ द्यावा असे पान: महिना आणि तास यांचा तक्ता. एका बाजूला बारा महिने, दुसऱ्या बाजूला दिवसाचे तास, आणि प्रत्येक चौकोनात त्या वेळची सरासरी निर्मिती. आमच्या मते सगळ्या नकाशात याहून मोलाचे काही नाही. वर्षाची बेरीज भरघोस असूनही तुमचा मुख्य वापर संध्याकाळचा असेल, तर त्या तासांचे चौकोन रिकामे दिसतील. बॅटरीचा विषय तिथेच सुरू होतो.

वाऱ्याच्या नकाशात सावध राहा

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वेग मिळाला तर शक्ती सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. म्हणजे वेग मोजण्यातली छोटी चूकही हिशेबात मोठी होते.

म्हणून उंची तपासा. हा नकाशा जमिनीपासून १०, ५०, १००, १५० आणि २०० मीटरवरचा वारा दाखवतो. तुमचा खांब वीस मीटरचा असेल तर १०० मीटरचा देखणा आकडा तुमच्या कामाचा नाही, १० आणि ५० च्या मधला अंदाज धरा. एखादा मोठा परिसर निवडला तर त्यातल्या सर्वांत जास्त वाऱ्याच्या १० टक्के भागाची सरासरी समोर येते. तुमची जमीन त्या भागात आहे का, ते वेगळे पाहावे लागते.

नकाशाला न दिसणारे

दूरच्या डोंगरांची सावली सौर नकाशा हिशेबात धरतो. शेजारची इमारत, वाढणारे झाड, पाण्याची टाकी त्याला माहीत नसते. छपराची ताकद, जमिनीची मालकी, जवळच्या उपकेंद्रात आणखी वीज घेण्याची क्षमता आहे का, यातले काहीच तो सांगत नाही. वीजवाहिन्यांचे थर बहुधा ‘ओपनस्ट्रीटमॅप’वरून येतात. स्वयंसेवकांनी २००४ पासून उभारलेला हा नकाशा आम्ही आदराने वापरतो, पण तो सगळीकडे सारखा भरलेला नाही. तिथे वाहिनी दिसली नाही म्हणून ती जमिनीवर नाही, असे धरून चालू नका.

दोन जागांची तुलना रंगांवरून करू नका, आकड्यांवरून करा. एका नकाशातला लाल रंग दुसऱ्यातल्या लालाइतकाच असेल, याची खात्री नसते.

भेटीला येताना

नकाशातून डाउनलोड केलेला अहवाल, जागेचे अक्षांश-रेखांश, मागच्या बारा महिन्यांची वीजबिले आणि छपराचे किंवा जमिनीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो सोबत आणा. फोटो सकाळी आणि दुपारी उशिरा काढले तर उत्तम, लांब सावल्या त्याच वेळी पडतात. कोणता आकडा कळला नाही तर त्याभोवती गोल करून ठेवा. पहिल्या भेटीत आम्ही तिथूनच सुरुवात करतो.