दानपत्रापासून दोन टक्क्यांपर्यंत : आरोग्य आणि विज्ञानशिक्षणामागच्या उद्योगांच्या पैशाची पार्श्वभूमी

परळच्या टाटा रुग्णालयाच्या फाटकापाशी भल्या सकाळी उभे राहिले की हातात रिपोर्टांच्या जाड पिशव्या घेतलेली, राज्यातून आणि राज्याबाहेरून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे दिसतात. हे रुग्णालय सरकारी की धर्मादाय, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. रुग्णालय उभारले एका विश्वस्त निधीने, आणि आज ते चालवते केंद्र सरकारचे अणुऊर्जा खाते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची हकीकतही अशीच आहे. कर्करोगाचे रुग्णालय आणि शाळकरी मुलांच्या विज्ञानाचा अभ्यास करणारी संस्था अणुऊर्जा खात्याकडे कशी गेली, हे समजून घेतले तर उद्योगपतींच्या दानाचा आपल्याकडचा बराचसा इतिहास उलगडतो.

मुंबईत व्यापाऱ्यांच्या पैशातून रुग्णालये उभी राहण्याची रीत टाटा रुग्णालयाहून जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या देणगीतून आणि सरकारच्या वाट्यातून १८४५ मध्ये भायखळ्याला जे. जे. रुग्णालय सुरू झाले. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा सुंदरदासांच्या विश्वस्तांनी तिथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत अशी अट घातली होती. देणगीदाराची अट म्हटली की इमारतीवरची नावाची पाटी डोळ्यांसमोर येते; या अटीने मात्र भारतीय डॉक्टरांना अध्यापनाच्या जागा मिळवून दिल्या. इंग्रजी अमदानीतल्या मुंबईत ही फार मोठी गोष्ट होती.

टाटा घराण्याच्या दानाची सुरुवात १८९२ ची. त्या वर्षी जमशेटजी टाटांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता निधी स्थापन केला आणि त्यातून कर्जाऊ रक्कम देण्याची पद्धत ठेवली, म्हणजे परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी यावा. विज्ञान संशोधनाच्या संस्थेसाठी त्यांनी मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी देऊ केल्या. १९०४ मध्ये ते वारले आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या ३७१ एकर जागेवरची बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली.

पुढच्या पिढीतल्या दानाला घरातल्या दुःखाची किनार आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी १९३२ मध्ये स्वतंत्र निधी स्थापन झाला. त्याच वर्षी दोराबजींनी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता आपल्या नावाच्या विश्वस्त निधीला लिहून दिली आणि काही महिन्यांत तेही वारले. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा या मालमत्तेत होता. १९२० च्या दशकात टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा हा हिरा तारण ठेवला गेला होता, आणि दोराबजींच्या मृत्यूनंतर तो विकून आलेली रक्कम निधीत जमा झाली. या निधीने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय ८० खाटांनिशी उघडले. कर्करोगाचे नावसुद्धा लोक दबक्या आवाजात घेत असत अशा काळात केवळ त्या एका रोगासाठी रुग्णालय काढायचे, हा निर्णय धाडसाचा होता.

याच निधीचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये पत्र लिहिले. येत्या दोनेक दशकांत अणूपासून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हिरोशिमाच्या आधी वर्षभराहून अधिक काळ लिहिलेल्या या पत्रावर विश्वस्तांनी विश्वास ठेवला, आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरला सुरू होऊन त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. मुंबई सरकारनेही वाटा उचलला होता, आणि स्वातंत्र्यानंतर खर्चाचा भार केंद्र सरकारवर, पुढे त्याच्या अणुऊर्जा खात्यावर गेला. रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे सोपवले गेले. किरणोपचार आणि किरणोत्सारी समस्थानिके (किरणे सोडणारी मूलद्रव्यांची रूपे) यांचा कर्करोगाशी असलेला संबंध भाभांना स्पष्ट दिसत होता. निधीने बी पेरायचे आणि झाड वाढले की सरकारने सांभाळायचे, ही रीत अशी रूढ झाली.

विज्ञानशिक्षणाकडे हा पैसा वळला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांमुळे. १९७० च्या आसपास हे शास्त्रज्ञ मुंबई महापालिकेच्या शाळांतून शिक्षकांबरोबर काम करू लागले होते. त्यातूनच १९७४ मध्ये, दोराबजी टाटा निधीच्या अनुदानावर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग म्हणून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरातील शाळांतही केंद्राने काम केले. केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे एक गोष्ट जाणवली, ती प्रत्येक मराठी शिक्षकाने मनात ठेवावी अशी आहे : मुले अडत होती ती विज्ञानापेक्षा पुस्तकाच्या भाषेपाशी. उदाहरणच द्यायचे तर, ‘पदार्थाचे अवस्थांतर होताना उष्णतेचे शोषण होते’ या वाक्यापुढे गप्प बसणारे मूल ‘बर्फ वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो’ म्हटल्यावर बोलू लागते. तोच मजकूर सोप्या भाषेत दिल्यावर मुलांचे आकलन सुधारते, हे त्यांनी अभ्यास करून दाखवले. अशा कामाला इमारत लागत नाही, यंत्रेही फारशी लागत नाहीत. लागतात ती वर्षानुवर्षे एकाच शाळेत जाऊन बसणारी माणसे आणि त्यांचे पगार.

२०१३ च्या कंपनी कायद्याने या सगळ्याला वेगळे वळण दिले. कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आरोग्य आणि शिक्षण ही क्षेत्रे अगदी वरती आहेत, आणि सर्वाधिक पैसाही तिकडेच जातो. जी छोटी संस्था पूर्वी कुणा विश्वस्ताची ओळख काढत फिरली असती, तिच्यासाठी दार उघडले हे निर्विवाद. मात्र दात्याचे स्वरूप पालटले. टाटा उद्योगसमूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भाग (शेअर) धर्मादाय निधींच्या मालकीचे आहेत, म्हणजे तिथे निधी मालक आणि कंपनी कमावती. नव्या व्यवस्थेत कंपनी मालक असते आणि तिचे प्रतिष्ठान हा तिचा एक विभाग असतो. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो, त्यामुळे जिथे उद्योग आहेत तिथे पैसा, आणि जिथे नाहीत तिथल्या शाळेला वाट पाहणे, असे सहज घडते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम सरकारने ठरवलेल्या निधीत भरावी लागते. सवलत आहे ती फक्त ‘चालू प्रकल्पा’ला, आणि तो सुरू झाल्याचे वर्ष सोडून पुढे जास्तीत जास्त तीन वर्षे चालू शकतो. परळचे रुग्णालय सरकारकडे जाण्याआधी दोराबजी टाटा निधीने ते सोळा वर्षे सांभाळले होते.