वर्षअखेरचे वार्तापत्र आणि त्यामागची चारशे वर्षे

डिसेंबर लागला की ठिकठिकाणच्या चेंबर ऑफ कॉमर्सची, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या स्थानिक संस्थांची, वर्षअखेरची वार्तापत्रे येऊ लागतात. आतला मजकूर बहुतेक ठरलेला असतो. नवे सभासद कोण झाले, कुणाच्या नव्या जागेची फीत कापली गेली, वर्षाचा उद्योजक कोण ठरला, कार्यकारिणीवर कोण निवडून आले, समाजकार्यासाठी किती निधी जमला आणि पुढच्या वर्षाची वर्गणी कधीपर्यंत भरायची. वाचणारा आपले नाव शोधतो, फोटो पाहतो आणि पान उलटतो. पण यातले एकेक सदर वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेपोटी आलेले आहे. आणि ज्यांच्या पैशावर ही संस्था चालते त्यांना तिने हिशेब कसा द्यायचा, हा वाद त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

सुरुवात फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात होते, १५९९ साली. भूमध्य समुद्रात चाचांचा उपद्रव वाढला होता आणि पूर्वेकडच्या बंदरांशी चालणारा व्यापार धोक्यात आला होता. मार्सेयच्या नगरसभेने व्यापाराचे हित पाहण्यासाठी चार प्रतिनिधी नेमले. जगातले पहिले चेंबर म्हणून मान मिळतो तो या व्यवस्थेला. व्यापारी-कारागिरांच्या संघटना युरोपात त्याआधीही होत्या, पण त्या गिल्डच्या स्वरूपात. गिल्ड एकाच धंद्याची असे. धंद्यात कुणाला घ्यायचे, शिकाऊ किती ठेवायचे, मालाचा दर्जा कोणता हे ती ठरवी. मार्सेयची ही मंडळी मात्र कुठल्याही एका धंद्याच्या वतीने बोलत नव्हती. साऱ्या शहराच्या व्यापाराचे गाऱ्हाणे ती मांडत होती. आज चेंबरच्या बैठकीत बँकवाला, बांधकामवाला आणि छापखानेवाला शेजारी शेजारी बसतात, त्याचे मूळ इथे आहे.

मार्सेयचे चेंबर नुसते अर्ज-विनंत्या करून थांबत नसे. पूर्व भूमध्यातल्या बंदरांत असलेल्या फ्रेंच वाणिज्यदूतांच्या खर्चाचा भार पुढे त्याच्यावर आला आणि तो भागवण्यासाठी व्यापारावर कर लावला गेला. म्हणजे चेंबर निम्मे सरकारच झाले होते. १७०१ मध्ये राजाज्ञेने इतर मोठ्या शहरांतही चेंबर स्थापायचे ठरले, आणि लिऑं, रुआं, बोर्दो इथे ती उभी राहिली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये ती सगळी बरखास्त झाली. व्यापाऱ्यांची विशेषाधिकार असलेली मंडळे नव्या राज्यकर्त्यांना नको होती. पण अकरा वर्षांतच, डिसेंबर १८०२ मध्ये, त्यांना पुन्हा जीवदान मिळाले. कायद्याने स्थापलेले, सरकारला सल्ला देणारे हे चेंबर नेपोलियनच्या काळात ऱ्हाईनकाठच्या शहरांपर्यंत पोचले. युरोपच्या बऱ्याच भागात आजही चेंबर म्हटले की हाच साचा डोळ्यांसमोर येतो.

दुसरी वाट अगदी निराळी आहे. ५ एप्रिल १७६८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका खानावळीत, आज ती फ्रॉन्सेस टॅव्हर्न या नावाने ओळखली जाते, वीस व्यापारी जमले आणि त्यांनी आपण होऊन चेंबर स्थापले. त्याच वर्षी, दोनच महिने आधी, जर्सी बेटावरही असे चेंबर निघाले होते. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. १७६५ च्या स्टॅम्प अॅक्टविरुद्धच्या, म्हणजे ब्रिटिशांनी वसाहतींतल्या कागदपत्रांवर लादलेल्या कराविरुद्धच्या झगड्यात एकत्र उभे राहण्याची ताकद त्यांनी अनुभवली होती. ब्रिटिश राजाची सनद त्यांना मिळाली ती नंतर, १७७० मध्ये.

या चेंबरने पहिल्या काही महिन्यांतच केलेले एक काम मला फार मोलाचे वाटते. ते म्हणजे लवाद समिती. सभासदांतूनच काही जणांची समिती नेमायची, तिची मुदत एक महिन्याची, पुढच्या महिन्यात नवी समिती. माल ठरल्याबरहुकूम आला नाही, हिशेब जुळत नाही, भाड्याचा भार कुणी सोसायचा, असले तंटे तिच्यापुढे यायचे. कोर्टात गेले तर निकाल लागेपर्यंत जहाजांचा हंगाम उलटायचा, आणि न्यायाधीशाला धंद्यातले बारकावे समजावून सांगण्यातच निम्मा वेळ जायचा. इथे निवाडा करणारा स्वतःच व्यापारी. शिवाय दर महिन्याला माणसे बदलत असल्यामुळे आज निवाडा देणारा उद्या स्वतः फिर्यादी म्हणून उभा राहू शकत होता, आणि म्हणून पक्षपात करणे परवडणारे नव्हते. वर्गणी भरणाऱ्याला तिच्या बदल्यात हातात काय पडते, याचे इतके स्पष्ट उत्तर फार थोड्या संस्थांनी दिले असेल.

अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा फटका बसला तो ग्लासगोच्या तंबाखू व्यापाऱ्यांना. त्यांचा सगळा व्यवहार अमेरिकी वसाहतींवर उभा होता. नवी गिऱ्हाइके, नवा माल शोधण्याची निकड होती, आणि पॅट्रिक कोहून या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने १७८३ मध्ये तिथे चेंबर स्थापन झाले. चेंबर बहुधा अडचणीच्या वेळीच जन्माला येतात. सुबत्तेच्या काळात प्रत्येकाला आपले आपण पुरेसे वाटते.

वसाहतींमध्ये हा साचा गेला तेव्हा त्यात एक तेढ शिरली. मुंबईत १८३६ मध्ये स्थापन झालेल्या चेंबरवर युरोपियन पेढ्यांचे वर्चस्व राहिले. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर ही आपली स्वतंत्र संस्था काढली, मनमोहनदास रामजी तिचे पहिले अध्यक्ष. एका शहरात दोन चेंबर, आणि दोघांचेही म्हणणे एकच, की आम्ही शहराच्या व्यापाराच्या वतीने बोलतो. जपानमध्ये प्रश्न वेगळाच होता. परदेशांशी झालेले असमान करार बदलून घ्यायचे तर देशातल्या व्यापाऱ्यांचे मत काय हे दाखवणारी संस्था हवी होती. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या नेतृत्वाखाली टोकियोचे चेंबर १८७८ मध्ये उभे राहिले ते त्या गरजेतून.

आता वर्षअखेरच्या अहवालाकडे येऊ. न्यूयॉर्कच्या चेंबरचे वार्षिक अहवाल १८५८ पासून पुस्तकरूपाने निघू लागले. त्यात नुसती सभांची टिपणे नसत. कोणता माल किती आला, भाव कसे चढले-उतरले, जहाजवाहतूक किती झाली, व्यापारासंबंधी कोणते कायदे झाले याची तपशीलवार नोंद असे. सरकारी आकडेवारी तुटपुंजी असण्याच्या त्या काळात शहराच्या अर्थव्यवहाराचे चित्र अशा अहवालांतूनच दिसे, आणि इतिहासाचे अभ्यासक आजही ते उघडतात. आजच्या वार्तापत्रांत मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच उणीव. किती कार्यक्रम झाले, किती जण आले हे कळते. पण गावात किती व्यवसाय बंद पडले, किती जागा रिकाम्या आहेत, कामगार कुठल्या क्षेत्रात मिळत नाहीत, हे क्वचितच कळते. ही माहिती गावात चेंबरइतकी जवळून दुसऱ्या कुणाला नसते.

समाजकार्याच्या सदराचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे, आणि त्यातला महत्त्वाचा टप्पा अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात आहे. विसाव्या शतकाच्या तोंडाशी तिथल्या व्यावसायिकांकडे देणगी मागणाऱ्या संस्थांची रीघ लागलेली होती. खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या हे एकेकट्याला ठरवता येत नव्हते. चेंबरने १९०० मध्ये समिती नेमली. ती संस्थांचे काम आणि हिशेब तपासायची आणि पात्र असतील त्यांना शिफारस द्यायची. पुढची पायरी १९१३ मध्ये आली. प्रत्येक संस्थेने दारोदार फिरण्याऐवजी निधी एकत्रच गोळा करायचा आणि मग वाटून द्यायचा, यासाठी महासंघ स्थापन झाला. ‘कम्युनिटी चेस्ट’ या नावाने ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर शहराशहरांत पसरली, आणि युनायटेड वेसारख्या समाजकार्यासाठी निधी गोळा करणाऱ्या आजच्या संस्था त्याच परंपरेतल्या. देणगीदाराची फसवणूक टळली, संस्थांचा वेळ वाचला, हे खरेच. पण कोणते काम मदतीस पात्र हे ठरवण्याचा अधिकारही देणाऱ्यांच्या हाती एकवटला. व्यावसायिकांना न रुचणारे काम करणाऱ्या संस्थेला अशा व्यवस्थेत जागा मिळणे अवघडच. निधीच्या आकड्याबरोबर तो कुणाला आणि कोणत्या कसोटीवर दिला हेही छापले जावे, असे म्हणूनच मला वाटते.

पुरस्कारांची प्रथा रुजवण्यात तरुणांच्या चेंबरचा वाटा मोठा आहे. सेंट लुईस शहरात १९१५ मध्ये सुरू झालेल्या तरुणांच्या नागरी संघटनेतून पुढे ज्युनियर चेंबर, म्हणजे जेसीज, उभी राहिली आणि १९३८ पासून ती अमेरिकेतल्या दहा कर्तबगार तरुणांची दरवर्षी निवड करू लागली. ही कल्पना पुढे देशोदेशी पसरली. राष्ट्रीय पातळीवरचे यूएस चेंबर ऑफ कॉमर्स त्याआधीच, १९१२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या प्रोत्साहनाने स्थापन झाले होते.

एक काम वार्तापत्रात सहसा येत नाही, पण अनेक ठिकाणी चेंबरचे कार्यालय त्यावरच गजबजलेले असते. निर्यातीच्या मालाला लागणारे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशात तयार झाला याचा दाखला. १९२३ च्या जिनिव्हा करारात सीमाशुल्काच्या रीती सोप्या करताना, असे दाखले देणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये चेंबरना मान्यता मिळाली.

हिशेब कसा द्यायचा या वादाकडे पाहायचे तर पैसा येतो कुठून हे आधी पाहावे लागते. जिथे वर्गणी ऐच्छिक, तिथे दरवर्षी सभासदाला पटवावे लागते. वार्तापत्रातले फोटो, नावे, आभार हे त्यासाठीच असतात आणि त्यात काही गैर नाही. जिथे सभासदत्व आणि वर्गणी कायद्याने सक्तीची, अशा देशांत तशी निकड नसते. स्पेनमध्ये डिसेंबर २०१० मध्ये सक्तीची वर्गणी अचानक रद्द झाली आणि उत्पन्नाचा मुख्य झरा आटल्यामुळे अनेक चेंबर संकटात सापडली. जर्मनीत १९५६ च्या कायद्याने सक्ती कायम आहे. २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती वैध ठरवली, पण सभासदाला निवडीचे स्वातंत्र्य नाही म्हणून चेंबरने आपल्या अधिकाराच्या चौकटीतच राहिले पाहिजे, हेही बजावले. म्युन्स्टर भागातल्या एका पवनऊर्जा व्यावसायिक कंपनीने हाच धागा धरला. चेंबरच्या राष्ट्रीय महासंघाने हवामान आणि ऊर्जाधोरणावर केलेली विधाने आपल्या नावावर खपवली जाऊ नयेत, अशी तिची तक्रार होती. ऑक्टोबर २०२० मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्या भागातल्या चेंबरला महासंघातून बाहेर पडण्याचा आदेश दिला. त्यानंतर कायदाच बदलावा लागला, आणि २०२३ च्या पहिल्या दिवसापासून तो महासंघ सार्वजनिक कायद्याखालची संस्था झाला.