तूसाँ लूव्हेर्त्यूर
तूसाँ लूव्हेर्त्यूर (सु. १७४३ – ७ एप्रिल १८०३) हे कॅरिबियन समुद्रातील सँ दोमँग या फ्रेंच वसाहतीतील, म्हणजे आजच्या हैतीतील, गुलामांच्या उठावाचे प्रमुख सेनानी आणि पुढे त्या वसाहतीचे शासक होते. साखर आणि कॉफी यांच्या मळ्यांमुळे ही वसाहत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील सर्वांत संपन्न वसाहतींपैकी एक मानली जाई. १७८९ च्या सुमारास तेथे जवळजवळ ५ लाख गुलाम, सुमारे ३०,००० गोरे आणि त्याहून थोडे कमी मुक्त मिश्रवर्णीय व कृष्णवर्णीय लोक होते. मळ्यांवरील मृत्यूचे प्रमाण इतके भयंकर होते की आफ्रिकेतून सतत नवी माणसे आणल्याखेरीज गुलामांची संख्या टिकत नसे.

तूसाँ यांचा जन्म काप-फ्राँसे या बंदराजवळच्या ब्रेदा मळ्यावर गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. २० मे १७४३ ही रूढ जन्मतारीख मुख्यतः त्यांचे पुत्र इझाक यांच्या कथनावर आधारलेली आहे. ‘तूसाँ’ हे नाव सर्वसंतदिनाचे, म्हणजे १ नोव्हेंबरचे, सूचक असल्याने काही अभ्यासक तोच जन्मदिवस धरतात. वर्षाबाबतही एकमत नाही. ते पश्चिम आफ्रिकेतील आलादाच्या (आजच्या बेनिनमधील) गाऊ गिनू नावाच्या राजपुत्राचे वंशज होते, ही परंपराही कुटुंबाच्याच आठवणींतून आलेली आहे. आईवडील त्या प्रदेशातले होते आणि तूसाँ यांना तिकडची भाषा येत होती, एवढे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. राजवंशाचा भाग मात्र आज सावधपणेच स्वीकारला जातो.

याहून महत्त्वाचा प्रश्न त्यांच्या मुक्ततेचा आहे. उठाव सुरू होईपर्यंत ते गुलामच होते, असे दीर्घकाळ मानले जाई. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे चित्र पालटले. वसाहतीच्या जुन्या कागदपत्रांवरून ते १७७६ पूर्वीच मुक्त झाले होते, आणि १७७९ मध्ये त्यांनी आपल्या जावयाकडून कॉफीचा एक लहान मळा १३ गुलामांसह खंडाने घेतला होता, असे दिसून आले. या नोंदीमुळे त्यांच्या कार्याचे मोल कमी होते असे मानण्याचे कारण नाही. ज्या समाजात मुक्त माणसाच्या उपजीविकेच्या वाटाही गुलामगिरीतूनच जात, त्या समाजातून हा माणूस सर्वांच्या मुक्तीपर्यंत आला, हे समजून घेण्यासाठी ती टाळता येत नाही.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तर भागातील मळे पेटले. तूसाँ काही काळाने बियासू या नेत्याच्या तळावर दाखल झाले. औषधी वनस्पतींचे त्यांना ज्ञान होते आणि आरंभी त्यांच्याकडे वैद्याचेही काम होते. १७९३ मध्ये त्यांनी फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या स्पेनची बाजू घेतली. २९ ऑगस्ट १७९३ रोजी फ्रेंच आयुक्त साँतोनाक्स यांनी उत्तर प्रांतातील गुलामांची मुक्ती जाहीर केली, आणि त्याच तारखेच्या तूसाँ यांच्या एका जाहीरनाम्यावर ‘लूव्हेर्त्यूर’ ही सही आढळते. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘वाट, उघडलेली जागा’ असा होतो. शत्रूच्या फळीत ते कोठूनही वाट काढत म्हणून हे नाव पडले, अशी एक उपपत्ती आहे. दातांमधील फटीवरून ते आले, अशी दुसरी. त्यांनी ते स्वतःच हेतुपूर्वक निवडले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसमधील राष्ट्रीय परिषदेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, आणि मे महिन्यात तूसाँ स्पेनला सोडून फ्रेंच सेनापती लाव्हो यांना मिळाले. हा निर्णय त्या ठरावामुळे झाला की स्पेनच्या छावणीतील स्पर्धेमुळे, हा वाद जुना आहे. ठरावाची अधिकृत वार्ता वसाहतीत त्यानंतर पोहोचली, याकडे काही जण बोट दाखवतात. तथापि स्पेन व ब्रिटन दोघेही आपल्या ताब्यातील भागात गुलामगिरी चालू ठेवत होते, आणि हे तूसाँ यांना रोज दिसत होते. केवळ तारखांच्या हिशेबावरून त्यांच्या निष्ठेवर शंका घेणे म्हणूनच पटत नाही.

१७९८ मध्ये ब्रिटिश फौजा माघारी गेल्या, १८०० पर्यंत दक्षिणेतील मिश्रवर्णीय सेनानी रिगो यांचा पराभव झाला आणि जानेवारी १८०१ मध्ये तूसाँ यांनी बेटाचा स्पॅनिश भागही ताब्यात घेतला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने या भूमीवर कोणीही गुलाम असू शकत नाही असे घोषित केले आणि त्यांना तहहयात गव्हर्नर नेमले. परंतु ऑक्टोबर १८०० च्या त्यांच्या नियमांनी मुक्त शेतमजुरांना उत्पन्नाच्या एकचतुर्थांश वाट्यावर आपापल्या मळ्यांशी लष्करी शिस्तीने बांधून ठेवले होते. निर्यातीवाचून शस्त्रे नाहीत आणि शस्त्रांवाचून मुक्ती टिकणार नाही, असा यामागचा विचार होता. मजुरांना मात्र स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा हवा होता. या असंतोषातून १८०१ मध्ये उत्तरेत बंड झाले आणि त्यात तूसाँ यांचे पुतणे मानले जाणारे सेनापती मोईज यांना देहान्त शिक्षा झाली. तूसाँ यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत क्लेशकारक घटना होय.

नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याला मोठे सैन्य देऊन पाठविले; ते फेब्रुवारी १८०२ मध्ये वसाहतीत उतरले. क्रेत-आ-पियेरो या किल्ल्यावरील लढाईनंतर तूसाँ यांनी मे महिन्यात तह केला; जूनमध्ये त्यांना बोलणीसाठी बोलावून कपटाने कैद करण्यात आले आणि फ्रान्सला नेण्यात आले. २० मे १८०२ च्या फ्रेंच कायद्याने, १७९४ चा ठराव अमलात न आल्याने ज्या वसाहतींत गुलामगिरी टिकून होती तेथे ती कायम ठेवली, आणि पाठोपाठ ग्वादलूपमध्ये ती पुन्हा लादली गेल्याच्या वार्तेने सँ दोमँगमध्ये युद्ध पुन्हा भडकले. त्याची परिणती १ जानेवारी १८०४ रोजी तूसाँ यांचे एक सेनापती देसालिन यांनी केलेल्या हैतीच्या स्वातंत्र्यघोषणेत झाली. त्यापूर्वी सुमारे नऊ महिने तूसाँ यांचा जुरा पर्वतातील फोर द झू या थंड किल्ल्यात मृत्यू झाला होता. तेथेच त्यांना पुरण्यात आले. किल्ल्याच्या पुढील बांधकामांत ते अवशेष हरवले.