मांजऱ्या खडकातून निसटलेला वायू

सोलापूरकडे विहीर खोदली की आधी काळी माती, मग मुरूम, त्याखाली कुठे कातळ तर कुठे मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा खडक. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, तो थिजता थिजता वायू निसटला आणि बुडबुड्यांची जागा तेवढी उरली. भुईकोट किल्ल्याच्या काळ्या दगडांपाशी उभं राहिलं की मला त्या वायूची हळहळ वाटते. पृथ्वीच्या पोटातली खबर त्याच्याकडे होती.

ही खबर सांगणारा मुख्य वायू हेलियम. तो राजवायू, कुणाशी संयोग पावत नाही, म्हणून त्याची मूळ ओळख टिकते. त्याच्या अणूंचे वजनानुसार दोन प्रकार, हेलियम-4 आणि हलका हेलियम-3. त्यातला हेलियम-4 युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून खडकात आजही तयार होतो. हेलियम-3 मात्र जवळजवळ सगळा पृथ्वी घडतानाच आत कोंडला गेलेला. हवेत त्याच्या एका अणूमागे हेलियम-4 चे सुमारे 7 लाख अणू असतात. समुद्रतळावरच्या पर्वतरांगांचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, वरच्या प्रावरणातून (कवच आणि गाभा यांमधल्या थरातून) येतो. त्यात हेलियम-4 च्या तुलनेत हेलियम-3 चं प्रमाण हवेतल्या प्रमाणाच्या साधारण 8 पट. हवाई, आइसलंडच्या काही खडकांत मात्र ते 30 पटींच्याही वर जातं. म्हणजे खोलवर कुठेतरी जुना साठा अजून शिल्लक आहे.

आपल्या दख्खनचं काय? 1993 मध्ये शास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या मुंडवारा आणि सारणू-दंडाली इथले खडक तपासले. दख्खनच्या मुख्य उद्रेकाआधीचे, सुमारे 6 कोटी 85 लाख वर्षांपूर्वीचे. तिथला शिलारस जमिनीखालीच थिजला, त्यामुळे स्फटिकांत थोडा वायू अडकून राहिला होता. प्रमाण भरलं हवेच्या जवळपास 14 पट! ज्या उष्ण स्रोतावरून दख्खन सरकली असं मानतात, त्यावरच्या रियुनियन बेटावर आजही 12-13 पट मिळतं.

झेनॉन हा दुसरा राजवायू तर आणखी मागे नेतो. झेनॉन-129 आयोडिन-129 पासून होतो आणि ते आयोडिन सूर्यमालेच्या पहिल्या 10 कोटी वर्षांतच संपलं. तरीही आइसलंडखालच्या आणि समुद्री पर्वतरांगांखालच्या प्रावरणात झेनॉन-129 चा वाटा वेगवेगळा निघतो. साडेचार अब्ज वर्षांच्या घुसळणीतही हा फरक पुसला गेला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

साठा नेमका कुठे, यावर वाद आहे. काहींच्या मते 2,900 किलोमीटर खोल, गाभ्याच्या सीमेवर. 2023 मध्ये कॅनडाच्या बॅफिन बेटावर 67 पटींपर्यंत प्रमाण मिळालं, तेव्हापासून खुद्द गाभ्यातूनच हेलियम पाझरत असावा, या मताला जोर आला आहे.